स्क्रीनवर लावलेला भाऊ

आबा, तुम्ही गेल्यावर विंझरचं दुकान बंद करून मी ते भोरला आणलं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक गाळा आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, पोरांचे कॉलेजचे फॉर्म, असं सगळं चालतं, पण खरं काम तुमचंच, दहाव्याला ठेवायच्या फोटोंचं. लोक अजूनही लग्नातला नाहीतर बारशातला ग्रुप फोटो घेऊन येतात आणि गर्दीतलं एक माणूस बोटानं दाखवतात. त्याला बाहेर काढायचं, शेजारच्याचा हात खांद्यावर असेल तर तो पुसायचा, मान सरळ करायची, मागं एकरंगी पडदा टाकायचा. तुम्ही हे ब्रशनं करायचात, मी माऊसनं करते. घरच्यांनी बघून ‘हां, असंच होतं आमचं माणूस’ म्हटल्याशिवाय मी प्रिंट मारत नाही, म्हणून स्क्रीन गिऱ्हाइकाकडं तोंड करून ठेवलाय. त्याचा परिणाम असा झालाय की आमच्या स्क्रीनवर एकट्या माणसाचा मोठा फोटो दिसला की गल्लीतून जाणारा थबकतो, चपला काढून हात जोडतो आणि विचारतो, कोण गेलं? भोरमध्ये हे शेंबडं पोरही सांगेल. आणि एवढं माहीत असून मी त्याच स्क्रीनवर आपल्या धाकट्याचा फोटो लावला.

कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात मागं जे चित्र दिसतं ते आपल्याला हवं ते ठेवता येतं. तुमच्या शेवटच्या वर्षी धाकट्यानं हट्टानं पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा त्यावर हिरव्यागार माळाचं चित्र होतं, आणि तुम्ही चष्मा वर करून विचारलं होतंत, “ह्यो माळ पासलीकडचा का रं?” तो किती हसला होता. आता तिथं लोक आपली पोरं ठेवतात, देव ठेवतात, राजगडावर काढलेले स्वतःचे फोटो ठेवतात. मी धाकट्याला ठेवला. एकट्याचा असा त्याचा फोटो नव्हताच, चुलतभावाच्या लग्नातल्या एका फोटोतून काढला. फाईलवर उजवं बटण दाबलं, पार्श्वभूमी म्हणून लाव असं सांगितलं, आणि धाकटा स्क्रीनभर पसरला. रुंदी जास्त झाल्यामुळं कपाळ वरून कापलं जात होतं, ते बसवून घेतलं. कचऱ्याच्या डब्याचं चित्र नेमकं त्याच्या गालावर येत होतं, ते धरून कोपऱ्यात नेलं. दुकान बंद करायची वेळ होती. उद्या सकाळी काढून टाकू, असं मी मनाशी म्हटलं आणि काढलं नाही.

धाकट्याचं तुम्हाला सांगायला हवं. तुमच्यामागं त्याची दारू वाढली. आईशी भांडून तो शिरवळला गेला, एका गोडाऊनवर टेम्पो चालवू लागला. पावसाळ्याआधी मी त्याला ओढत डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसायला सांगून मला आत थांबवलं आणि म्हणाले, लिव्हर गेल्यात जमा आहे, आता थांबला नाही तर दिवाळी बघणार नाही. हे मी आईला सांगितलं नाही. ती फोनवर विचारायची, “धाकला कसा हाय?” आणि मी म्हणायचे, “मजेत हाय.” खोटं बोलायला मला जड गेलं नाही. तुमच्याकडूनच शिकले होते.

मामाची गोष्ट तुम्ही विसरला असाल, आई विसरलेली नाही. मी चौथीत होते. मामा गेल्याचा निरोप घेऊन त्यांच्या गावचा माणूस आधी दुकानात आला, कारण फोटो तुम्हीच करणार होतात. तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं, शटर अर्धं ओढलं आणि मामाचा फोटो करायला घेतला. मग घरी येऊन आईला म्हणालात, माहेरी जायचंय, भाऊ जरा आजारी आहे, आवर. तुमची बाजू मला कळते, वाटेत तिनं रडून जीव घ्यायला नको असं तुम्हाला वाटलं. पण तुम्ही परत दुकानात गेलात तेव्हा विसरलेली किल्ली द्यायला म्हणून ती तुमच्यामागं आली आणि तारेवर चिमट्यात वाळत घातलेला भाऊ तिनं पाहिला. ती ओरडली नाही. तुमच्याकडं बघून एवढंच म्हणाली, “मला शेवटाला सांगनार व्हता व्हय?” त्यानंतर तुम्ही जिवंत असेपर्यंत तिनं दुकानाचा उंबरा ओलांडला नाही, जेवणाचा डबासुद्धा ती बाहेरच्या फळीवर ठेवून जायची. तुम्ही तिची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. मागितली असेल तर माझी चूक.

तर दुसऱ्या दिवशी, बाजारचा दिवस होता, आई न कळवता आली. नसरापूरला गाडी बदलून, डोक्यावर इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन. मी झेरॉक्सच्या मशिनमधला अडकलेला कागद ओढत होते, पाठ दाराकडं होती. मागं काहीच आवाज होईना म्हणून वळले तर आई उंबऱ्याबाहेर उभी. चपला काढलेल्या, पिशवी खाली ठेवलेली, नजर स्क्रीनवर.

“कवा गेला?” ती म्हणाली.

मी कागद तसाच सोडला. “आगं, कोन गेला? काय झालं न्हाई त्याला. मी नुसता फोटू लावलाय.”

“नुसता फोटू ह्या दुकानात कोन लावतं?”

“समदी लावत्यात आई, आपल्या मान्सांचं.”

“मोबाईलवर लावत्यात. हितं न्हाई. खरं सांग, कवा गेला पोरगा? तुज्या बापासारखं करू नगंस.”

मी म्हटलं, थांब, आत्ता बोलायला देते. फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, बंद. तिसऱ्यांदा मी स्पीकर सुरू केला नाही, पण त्या बाईचा तो गोड आवाज तिला उंबऱ्यावरून ऐकू गेलाच. आई आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुकानाच्या आत आली आणि पासपोर्ट फोटोसाठी ठेवलेल्या स्टुलावर, पांढऱ्या पडद्यापुढं बसली. कॉलेजची एक मुलगी फोटो काढायला आली होती, ती आईकडं आणि स्क्रीनकडं बघून, मग हात जोडून, मागल्या पावली गेली. आता आईला समजावणं माझ्या हातचं राहिलं नाही.

शिरवळला त्याच्या खोलीखाली एक चहावाला आहे, त्याचा नंबर माझ्याकडं होता. तो म्हणाला, “चार दिस झालं ताई, दिसला न्हाई. खोलीला कुलूप हाय. गोडाऊनवाला बी इचारीत व्हता.” मी आईकडं पाठ करून ऐकत होते. फोन ठेवून म्हटलं, कामावर गेलाय. ती म्हणाली, “तुजी मान सांगती मला.”

तेवढ्यात स्क्रीन काळा झाला. कॉम्प्युटरला दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर तो आपोआप झोपतो. पण आईला ते कुठं ठाऊक? ती ताडकन उठली, “गेला, गेला!” म्हणून ओरडली, आणि समोरचा भेळवाला धावत आला. मी माऊस हलवला. धाकटा परत दिसायला लागला. आई स्क्रीनला हात लावून उभी राहिली, बोटं त्याच्या गालावर, आणि म्हणाली, “ह्येला जाऊ देऊ नगंस.” मग मी तेच करत बसले. एका हातानं फोन लावत होते, दुसऱ्या हातानं माऊस हलवत होते. सेटिंगमध्ये जाऊन ते झोपणं बंद करता येतं, हे मी रोज चार लोकांना शिकवते, पण त्या दिवशी सुचलं नाही. बारापासून साडेतीनपर्यंत मी माझ्या भावाला माऊसनं जागा ठेवत होते आणि हळूहळू माझीच खात्री होत चालली होती की आई म्हणते तेच खरं. चार दिवस कुलूप असलेल्या खोलीत काय असू शकतं, ते डोळ्यांपुढून हटेना. तोंडानं मात्र मी म्हणत होते, येईल गं फोन.

फोन आला. अनोळखी नंबर. “ताई, कशाला शोधतियास मला? आत्ता शिरवळला आलो तर चहावाला म्हनला. मोबाईल बंद पडला व्हता माजा.” चार दिवस तो साताऱ्याला दवाखान्यात सलाईनवर होता. स्वतःच्या पायानं गेला होता, रक्ताची उलटी झाली म्हणून, आणि मला कळवलं नव्हतं, कारण मी ओरडले असते. आईनं माझ्या हातातून फोन घेतला. तिचा त्या आवाजावर विश्वास बसेना. “आवाज काय, कुनाचा बी काढत्यात,” ती म्हणाली. “हितं ये. तोंड दाव.”

पाचच्या सुमाराला तो आला. हातावर सलाईनची पट्टी, डोळे हळदीसारखे पिवळे, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. आईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली, आणि मी तिच्यापासून लपवलेलं सगळं तिला एका क्षणात समजलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मामाच्या वेळी तुमच्याकडं पाहिलं होतं अगदी तसं.

मग धाकट्यानं स्क्रीनकडं पाहिलं. आबा, तुमचा हा पोरगा कामाला किती पक्का होता, तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा स्वतःचा धड एक फोटो निघाला नाही तेव्हा मतदान ओळखपत्रावरचा बोटाएवढा फोटो घेऊन तोच दोन दिवस बसला होता. तरी तुमचा एक कान राहूनच गेला, आणि भावकीतले लोक म्हणालेच, जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले आणि स्वतःचा बघा. ते मला लागलं होतं. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं. डॉक्टरांकडून आल्यावर आठवड्याभरात मी धाकट्याला त्या लग्नातल्या गर्दीतून बाहेर काढला, मान सरळ केली, मागं निळा पडदा टाकला. सावकाश, नीट, घाई नसताना. आणि मोठा केल्यावर कसा दिसतो ते लांबून बघायला म्हणून त्या संध्याकाळी स्क्रीनवर लावला. आईची चूक झालीच नव्हती. ती बरोबर वाचत होती.

त्यानं खांद्याची कड जवळून बघितली. मग वाकून, माझ्या कानाशी, तुमच्यासारखं जिभेनं टॉक करत म्हणाला, “खांदा लई भारी जमलाय, ताई. हात पुसल्याला कळत बी न्हाई.”

“कुनाचा हात रं?” आईनं विचारलं.

त्या लग्नात आई त्याच्या शेजारी उभी होती. हात तिचा होता.

“कुनाचा न्हाई, आई,” तो म्हणाला. “चल, गाडी जाईल.”

ती दोघं विंझरला गेली, तांदळाची पिशवीही परत घेऊन गेली. तो आता तिथंच आहे, पीत नाही म्हणतो, डॉक्टर अजून मान हलवतात. आई माझ्याशी बोलते, पण जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच. दोघांना मी सांगितलं की लाडानं लावला होता. धाकट्यानं मान डोलावली. तो मला सांभाळून घेतोय, आणि तेच मला सहन होत नाही. मला त्याचा राग येतो, मग स्वतःचा येतो, मग तुमचा.

हे मी त्याच कॉम्प्युटरवर टाइप करतेय. प्रिंट काढणार नाही, साठवूनही ठेवणार नाही, नाहीतर उद्या कुणी बसेल आणि वाचेल. एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगायची होती, कारण तुम्हीही मामाचा फोटो आधी केलात, दुसऱ्या कुणाला हे समजणार नाही. चहावाल्यानं खोलीला कुलूप आहे म्हणून सांगितलं, मागं आई स्टुलावर बसली होती, तेव्हा रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं की फ्रेमवाल्याला आजच सांगितलं तर परवापर्यंत मिळेल.