एकाच नावाचे तीन दगड

आई,

काल वेंडेलदादाबरोबर कनेक्टिकटच्या जुन्या दफनभूमीत गेले होते. आपल्या मूळ पुरुषाची, एझ्रा टटलची मुलगी शोधत होते. जिच्यापासून आपण सगळे आलो ती मेहिटेबल. सापडली, पण तीनदा! तीन चिमुकले दगड, तिन्हींवर तेच नाव, तेच आईबाप, आणि तिन्ही तान्ह्या. तान्ही पोर आपली पूर्वज कशी होणार? मी चक्रावलेच.

दादा हसला. "अगं वेडे, एक पोर गेली की पुढचीला तेच नाव ठेवायचे हे लोक. आपली ती चौथी. आईनं नाही का तुझं..." आणि वाक्य अर्धवट सोडून गाडीकडे चालू लागला.

गाडीत खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "तुझ्याआधी एक लोरिंडा होती. मला सांगायचं नव्हतं गं."

आई, माझ्या वाढदिवसाला तू रडायचीस, ती कुणासाठी? तुझ्यावर रागावू, की तुला जवळ घेऊ? जेवायला बोलावताना तू माझं नाव नेहमी दोनदा घ्यायचीस. मला वाटायचं, मी एका हाकेत येत नाही म्हणून.

पाकिटावर पत्ता लिहिलाय. तिकीट लावायला हात धजत नाही.

तुझी,
दुसरी लोरिंडा