थेंब घालायला धावत गेलेल्या मुली

सर, मी कागद घेऊन बसलेय हे बघून तुम्ही हसलाच असता. सहावीत शाळा सुटली ती सुटली, आणि तीही तमिळ. मराठी लिहिता येतं ते तुम्ही संघाची यादी माझ्याकडून लिहून घ्यायचात म्हणून. चुका निघतील. निघू देत.

तांबरमच्या रेल्वे क्वार्टर्समागं, तुमच्याच मैदानावर, आता मी मुलींना खो-खो शिकवते. वीसेक मुली, सगळ्या तमिळ, तोंडावर अक्का म्हणतात, मागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे स्वयंसेवक पाठवणारी एक संस्था इथं आहे. यंदा मी होऊन तिच्याकडे गेले. त्यांना माणसं कमी पडतात, आणि माझ्याकडे वाऱ्यासारखी पळणारी माणसं आहेत. तिथल्या बाई म्हणाल्या, "खेळाडू मुली सामने आले की गायब होतात." मी म्हटलं, "तुमचे लोक तर सामने नसतानाही गायब होतात." बाई हसल्या आणि महिनाभर बघू म्हणाल्या. एक घर दिलं. तिसरा मजला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजी, मुलगा परदेशात. सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब घालायचे. संस्थेच्या नर्सनं मुलींना नीट शिकवलंही.

आणि आम्ही काय केलं? शर्यत लावली. मीच लावली. जिना चढायचा, हात धुवायचे, थेंब घालायचे, खाली यायचं. शिट्टी घेऊन मी फाटकात उभी. थेंबांची एकही वेळ चुकली नाही म्हणून छाती काढून फिरत होते, तेवढ्यात बाईंचा फोन. आजींनी सांगितलं होतं, "या पोरी नकोत. थेंब येतात, माणूस येत नाही." बाई तिथंच सगळं थांबवायला निघाल्या होत्या. हे घर गेलं तर दुसरं कोण देणार आम्हाला? मैदानावरच्या पोरी नुसत्या उंडारतात म्हणणाऱ्यांना तर आयतंच मिळालं असतं.

मला आधी राग आला. नेहमीसारखाच. मग तुमची ओरड आठवली. मी बारा वर्षांची आहे, चौकोनात बसलेय, आणि खो मिळायच्या आधीच उठतेय, एकदा नाही, तीनदा. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणताय, "पळता कुत्र्यालाही येतं. तू आधी बसायला शीक." पुढं महिनाभर मला पळूच दिलं नाहीत. आईकडे रडत गेले तर तुम्ही आमच्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पिताय. "वहिनी, हिला बूड टेकवता आलं ना, की हिला कोणी हरवणार नाही." आई आठवडाभर हसत होती. मला तुमचा गळा धरावासा वाटला. पुढं मी कप्तान झाले ती त्या महिन्यामुळे, हे तुमच्यासमोर कधी कबूल केलं नाही. आता करते.

बाईंकडे एक आठवडा मागून घेतला. माफी मागितली म्हणा हवं तर. मुलींना सांगितलं, थेंब घातल्यावर आजी जा म्हणेपर्यंत उठायचं नाही.

"आणि जा म्हणाल्याच नाहीत तर, अक्का?"

"तर तिथंच जेव."

पहिल्या दिवशी मीच गेले. थेंब घालून झाले. मी पंख्याकडे बघत बसले, पाय नुसते शिवशिवत होते. बऱ्याच वेळानं आजी म्हणाल्या, "ती शिट्टी तुझीच ना? वर ऐकू यायची. वाटायचं, मी काय आगगाडी आहे?" मला हसू फुटलं, मग त्यांनाही. त्या दिवशी त्यांनी मला दीड तास सोडलं नाही.

आता बाईंनी आणखी चार घरं दिलीत. रविवारी संस्थेची माणसं मैदानावर येतात, कोणी चुन्यानं रेघा आखतं, कोणी मुलींचा अभ्यास घेतं. आजी खुर्ची टाकून बसतात आणि पंचाच्या आधी फाऊल ओरडतात. हे सगळं तुमचं आहे, सर. मी फक्त पुढं दिलं.

तुम्ही गेल्यावर पत्र कुठं टाकणार, ट्रंकेत ठेवीन. एक मात्र सांगायचं राहिलंय. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी एकदाच आले. मोसंबी ठेवली. तुम्ही हातानं खुर्ची दाखवलीत. मला भीती वाटली, म्हणून गाडी चुकेल म्हणाले आणि निघाले. दर दहा मिनिटांनी गाडी होती, आणि रेल्वेत जन्म काढलेल्या माणसाला मी हे सांगत होते.