बहात्तर तासांचं प्लॅनिंग

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सायं. ५.
दुपारी चूक झाली. मी फर्स्ट शिफ्ट करून आलेलो, सृष्टी शेजारी खेळायला गेलेली. कपाटातलं निरोधचं पाकीट रिकामं. स्टॉक बघणं माझ्याकडे. एकदाने काय होतंय, असं मीच म्हणालो.
नंतर रोहिणी म्हणाली, गोळी मिळते, बहात्तर तासांत घ्यायची. सृष्टीनंतर सहा वर्षांनी तिला एक मार्चपासून नोकरी लागते आहे. आता दिवस राहिले तर गेली नोकरी. मी म्हटलं, माझ्यावर सोड. सातपूरला अकरा वर्षं प्लॅनिंग डिपार्टमेंट सांभाळतोय. लगेच एक्सेल उघडलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.
हिशोब सोपा आहे. बहात्तर तास म्हणजे आठ तासांच्या नऊ शिफ्ट. रोज एक, म्हणजे नऊ दिवस. शिवाय कंपनीची शनिवारची सुट्टी धरायची नाही. घाई नको.
तरी संध्याकाळी कॉलनीतल्या मेडिकलमध्ये गेलो. दुकान यादवमामांचं, म्हणजे वहिनीच्या मामांचं. मागे उभ्या सात जणांना पुढे जाऊ दिलं. माणुसकी. माझा नंबर आल्यावर वजन करून परत आलो. बहात्तर किलो. शुभशकुन.
रोहिणी जेवली नाही. मळमळतंय म्हणाली. पित्त असणार. मला खिचडीवर भागवावं लागलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी.
नवा प्लॅन. ओळखीचं कुत्रं भेटणार नाही अशा ठिकाणी घ्यायची. मोटारसायकलने हरसूल गाठलं. मेडिकलच्या काउंटरवर गुडघ्याचं मलम घेत उभी कोण? पेठची कुसाआत्या! तू रं हिकडं कसा, घरात कोण आजारी हाय, म्हणाली. मी म्हटलं, सहज फिरायला. एवढ्या उन्हात? लय बारीक झालास म्हणाली आणि दोन किलो नागली, म्हणजे नाचणी, दिली.
घरी आलो तर रोहिणी आडवीच होती.

रविवार, ९ फेब्रुवारी. दु. ३.
कंपनीत माझ्या हाताखालच्या योगेशला विचारलं. अर्थात एका मित्रासाठी. तो म्हणाला, साहेब, बहात्तर तास म्हणजे सरळ तीन दिवस, गोळीला शिफ्ट कुठून कळणार? आणि जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. मग हळूच म्हणाला, मित्राला म्हणावं, पळा.

त्याच दिवशी. ३.५०.
मामांचं शटर बंद. दुपारचे झोपलेत, पाचला उघडणार. पायरीवर बसून लिहितोय. वेळ संपत आली. यात माझी चूक म्हणाल तर फारशी नाही, दुकानांच्या वेळाच चुकीच्या आहेत. पण रोहिणीला काय तोंड दाखवू?

गुरुवार, १३ फेब्रुवारी.
गोळी मिळाली नाही, हे रोहिणीला अजून सांगितलेलं नाही. सांगण्याचं प्लॅनिंग सुरू. ती नोकरीसाठी दोन नवे ड्रेस शिवायला टाकून आली.

शनिवार, १५ फेब्रुवारी.
सकाळी सगळं कबूल केलं. धीरही दिला, नोकरी काय, पुढेही मिळेल.
ती म्हणाली, गोळी मी गुरुवारीच घेतली. तुम्ही एक्सेल उघडलंत तेव्हा चप्पल घालून मामांकडे जाऊन आले. पाळीही आली सकाळी.
मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, दोन दिवस मळमळत होतं, तेव्हा तरी गोळी मिळाली का म्हणून विचाराल असं वाटलं होतं.
मी एक्सेल बंद केलं.
सोमवारी ती तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घ्यायला जाते आहे. नर्सबाईंशी स्वतःच बोलून आली. माझ्याकडे एकच काम दिलंय, साडेबाराला सृष्टीला शाळेतून आणायचं. विसरणार नाही म्हटलं. तिने माझा मोबाईल मागून घेतला आणि अलार्म लावून दिला.