नऊ नंबरचा माणूस

३ नोव्हेंबर १९८८
खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. साहेब म्हणाले, "बाबू, तुम्ही शिका." पहिलं काम क्वार्टरच्या वेटिंग लिस्टचं. आठ नंबरपर्यंत सगळ्यांना मिळालं, आता मीच, नऊ. एक क्वार्टर रिकामं आहेच. शकूला आसगावला कळवलं, छोटीला घेऊन ये. भाड्याच्या या खोलीत यायला ती तयारच नाही. स्वतःशीच बोलायला लागलोय मी.

८ नोव्हें.
लिस्ट चढवली. खाणीत कुणी दगावला की आमचे हेडक्लार्क बडेबाबू त्याच्या विधवेला मधेच १०A, १४B असा नंबर द्यायचे. तेही टाकले. मशीनला म्हटलं, नंबरानं लाव. झटक्यात लावली! वा रे पठ्ठ्या. साहेबांनी न बघता सही केली. मीही कुठं बघितलं?

१० नोव्हें.
नोटीस लागली. क्वार्टर दहा नंबरच्या सुखदेवला. मी सगळ्यात खाली, चाळीसच्याही खाली! त्या A, B पायी मशीननं आकड्यांनाही अक्षरं समजून लावलं. पहिलाच आकडा बघितला, एकानं सुरू होणारे आधी, नऊ शेवटी. कपाळ माझं. उद्या साहेबांना सांगतो.

११ नोव्हें.
ऑफिसच्या दारातच सुखदेव, पेढे घेऊन. "बाबू, मायले आजच आणून राहिलो. खाटेवरच आहे ना बिचारी." पेढा खाल्ला. साहेबांकडे गेलोच नाही.

१४ नोव्हें.
शकू आली. ट्रंक, छोटी, सगळं घेऊन. सगळं सांगितलं.
"मंग काहून नाही सांगत साहेबाले? नंबर तुमचा होता ना?"
"त्याची माय खाटेवर आहे, शकू."
"अन् आमी? आमी कोठं आहो?"
संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. छोटी खांद्यावर झोपली होती, तिला कळलंही नाही. खोलीत पाय ठेववेना. रडलो, कोण बघतंय.

२१ नोव्हें.
महिनाअखेर आणखी एक क्वार्टर सुटतंय. साहेबांना उद्या नवी लिस्ट पाहिजे. आज ९ चं ०९ केलं, शून्य एकाच्या आधी, बरोबर लागली. मी पहिला. पण साहेब विचारणारच, मागची अशी कशी होती? खरं सांगावं तर मागचं वाटप रद्द, सुखदेवच्या मायची खाट बाहेर. खोटं मला नीट बोलताही येत नाही.
ही आणि मागच्यासारखीच चुकीची, दोन्ही लिस्टा छापून आणल्या आहेत. एकीत मी पहिला, एकीत शेवटचा. कोणती नेऊ? विचारायला घरात माणूस नाही.