सोयाबीनच्या वड्या आणि श्रावणातली नळी

कोल्हापूर,
१४ ऑगस्ट १९८४

तीर्थरूप आक्का,

धाकट्या भावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं मनातल्या मनात ठेवलंय. वाकलं की दम लागतो.) तुझी राखी पोचली, पौर्णिमेला बांधूनही झाली. गुडघे काय म्हणतात? आजऱ्याचा पाऊस उघडलेला नसणार, तेव्हा काजूच्या बागेत निसरड्यात हिंडू नकोस. दाजींना नमस्कार सांग. आमचं बरं चाललंय, म्हणजे छप्पर गळतंय आणि मी धापा टाकतोय, पण दोन्हीची सवय झालीय.

पत्रास कारण सोयाबीन. शिमग्याला माझ्या छातीत कळ आली ते तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी (माणूस चांगला, पण जन्माचा शाकाहारी, असल्या डॉक्टरकडं कोल्हापूरच्या माणसानं जाऊच नये) फर्मान काढलं की मटण बंद, अंडी बंद, मीठ चिमूटभर. मग अंगात ताकद यायची कुठनं, असं मी विचारलं. तर म्हणाले, सोयाबीनच्या वड्या खा, मटणाच्या तोडीचं प्रोटीन आहे आणि वर चरबी नाही. हे बोलताना गृहस्थाला जराही लाज वाटली नाही.

लीलानं पिशवीभर वड्या आणल्या. ताटात ओतल्या तर खडखड वाजल्या. आता तीस वर्षं मटण शिजवलेली बाई ती, तिनं वड्यांनाही मटणाचाच न्याय लावला. आलं-लसूण चोळून दोन तास झाकून ठेवल्या, हळद घालून रटरटा शिजवल्या आणि पहिलं पाणी निगुतीनं गाळून ‘अळणी’ म्हणून वाटीत घालून माझ्यापुढं ठेवलं! बोकडाचं अळणी प्यालं की बाळंतीणसुद्धा उठून बसते, हे मान्य. पण वड्यांचं पाणी? वास असा की शेजारच्या धोंडुबाईनं भिंतीपलीकडनं विचारलं, कुणाचं काय जळालं का. तिनंच पुढं सांगितलं की ते पाणी पिळून फेकायचं असतं. तोवर मी आठ दिवस प्यालो होतो. आणि वडी चावली की आतला रस्सा पिचकारीगत उडायचा. आजारी माणसाला रोज सदरा बदलायला लागायचा, आक्का.

शेवटी मी नबीलालच्या दुकानाकडं मोर्चा वळवला. (नबीलाल म्हणजे शाळेत माझ्या बाकावर बसायचा तो. तीस वर्षं त्याच्याच हातचं मटण खाल्लं.) पण लीला माझ्याआधी तिथं जाऊन आली होती. ‘न्हाय अण्णा, वैनींनी लेकरांची आण घातलीया,’ म्हणाला आणि खुर्ची दिली. मी अर्धा तास टांगलेल्या बोकडाकडं बघत बसलो आणि घरी आलो. बघायला डॉक्टरांची बंदी नव्हती.

खरं सांगू का, आखाडापर्यंत लीलाचा हात बसला. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायच्या, खरपूस परतायच्या आणि खोबऱ्याच्या वाटणात सोडायच्या. अख्खी गल्ली आखाडाचं मटण ओरपत होती आणि आम्ही दोघं वड्या चावत होतो. हो, दोघं. तिनंही सोडलं. मी रोज ताटावर बसून वड्यांच्या सात पिढ्या उद्धरायचो. ती एकदाच म्हणाली, ‘गप खावा. मला पांढरं कपाळ घिऊन बसायचं न्हाय.’ त्यावर मी दोन वड्या जास्त खाल्ल्या.

पण शेवटी विजय आपलाच! गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, लीलाला आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली. आत लई गरम होतंय म्हणाली. (पंखा चालू होता.) डॉक्टरांनी सगळी बंदी उठवलीय, काय पाहिजे ते खाऊ द्या म्हणालेत. रविवारी नबीलाल स्वतः डबा घेऊन दारात आला. एरवी पाच मिनिटं माझी टर उडवल्याशिवाय तो पुडकं हातात देत नाही, पण परवा नुसतं ‘खावा अण्णा’ म्हणाला आणि चपला घालून निघाला. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं झालं. आणि मगजानं भरलेली नळी लीलानं माझ्या ताटात वाढली! आपल्यात नळी पावण्याला नाहीतर जावयाला. घरच्या माणसाच्या नशिबी कुठली? जेवण झकास झालं. डॉक्टर देवमाणूस आहेत. तेव्हा काळजी नसावी.

तुझा,
अंबादास

ता. क. – वरचं सगळं दाजींना वाचून दाखव. हे एकटीनं वाच. रविवारी श्रावण होता, आक्का. लग्न होऊन आल्यापासून लीलानं श्रावणात मटणाचं पातेलं चुलीवर चढवलेलं नाही. श्रावण संपायला पंधरा दिवसही नव्हते, तेवढंही ती थांबली नाही. आपल्या आबांच्या वेळीही डॉक्टर हेच म्हणाले होते, काय पाहिजे ते खाऊ द्या. त्यांना नळी तूच हातानं भरवलीस आणि मागं जाऊन रडलीस. मी दाराआड होतो. पुढं आबा अकराच दिवस जगले. मी परवाची नळी खाल्ली नाही. दाढ दुखतेय म्हणालो. तिनं आग्रहही केला नाही, नुसती बघत राहिली. मला भ्या वाटतंय.

ता. क. दुसरा – मुद्द्याचं राहिलंच. उरलेल्या वड्या लीलानं धोंडुबाईच्या म्हशीला घातल्या. आता लीलाला मी कसं सांगू की मला वड्याच पाहिजेत? सांगितलं तर मला कळलंय हे तिला कळेल. ती तुझं ऐकते. तू तिला खरमरीत पत्र लिही, की डॉक्टर गेला खड्ड्यात, माझ्या भावाला वड्याच घालायच्या आणि त्यानं तोंड वाकडं केलं तर दोन रट्टे द्यायचे. नाहीतर गुडघे बरे असले तर तूच ये. येताना वड्यांची पिशवी आण. मोठी आण.