दोनदा दिलेलं औषध

सोम., ३ फेब्रु.
नात सईला संध्याकाळपासून ताप. कान दुखतो म्हणते. जावई अमोल दोन आठवडे बेलव्ह्यूला, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कंपनीच्या कामासाठी. मुग्धाने तापाचं गुलाबी औषध दाखवून ठेवलं, कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात. "बाबा, उद्या मला विचारल्याशिवाय काही देऊ नका हं. फोन करा." वर्ध्याला चौतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं मी! लेकीचं बोलणं लागलं मात्र.

मंगळ., ४ फेब्रु.
जसं झालं तसं लिहितो.
स. ८ ला मुग्धा हर्नडनला, ऑफिसात. १२ नंतर सई कान धरून रडायला लागली. ताप १०२. फोन केला, उचलला नाही. मीटिंग असणार. परत केला. नाही. १२.४० ला औषध दिलं. बाटलीवर वजनाप्रमाणे लिहिलंय, त्याप्रमाणे ५ मिली, तोंडात सोडायच्या सिरिंजने मोजून. यात चूक काही नाही. पोर झोपलं.
दु. २ ला मुग्धा मिस्ड कॉल बघून धावतच घरी. कोट अंगातच. "दिलंत का काही?"
"नाही."
का म्हणालो? ती रागावेल म्हणून? अडुसष्ट वर्षांचा माणूस मी. तोंडातून गेलं खरं.
तिने लगेच सिरिंज भरली. सई म्हणाली, "आजोबा ऑलरेडी गेव्ह मी."
"नो स्टोरीज, सई. ओपन."
सईने माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं.
मी सिंकपाशी धुतलेलाच कप धूत उभा. दहा मिनिटं. दहा तरी. मग जाऊन सांगितलं.
मुग्धा ओरडली नाही. पॉयझन कंट्रोलला, औषध जास्त झालं तर सल्ला देणाऱ्या इथल्या हेल्पलाइनला, फोन लावला, स्पीकरवर. बाईने वय, वजन, किती, किती वाजता, सगळं विचारलं. मी म्हटलं, "ट्वेल्व्ह फोर्टी, फाइव्ह एम.एल., एक्झॅक्ट." बाई शांतपणे म्हणाली, एवढ्याने काही होणार नाही, आज हे औषध आता पुन्हा देऊ नका, लक्ष ठेवा.
फोन ठेवल्यावर मुग्धा, "औषध दिलंत त्याचं काही नाही, बाबा. ती खरं सांगत होती. आणि मी तिला..." सईजवळ जाऊन बसली.

बुध., ५ फेब्रु.
डॉक्टरकडे नेऊन आणलं. कानात इन्फेक्शन, अँटिबायोटिक सुरू. मुग्धा आता घरूनच काम करतेय.
सगळी औषधं नंबरच्या कुलुपाच्या डब्यात. फ्रिजवर कागद: वेळ, किती, कोणी दिलं. सगळीकडे तिचंच नाव. नंबर मला सांगितला नाही, मीही विचारला नाही. माझी बी.पी.ची गोळीही त्याच डब्यात. सकाळी ती हातावर ठेवते.
अमोल व्हिडिओवर, "जाऊ द्या हो बाबा, होतं असं." मुग्धा उठून गेली.

शुक्र., ७ फेब्रु.
ताप उतरला. सई शेजारी बसून चित्र रंगवत होती. मान वर न करता, "आय टोल्ड मम्मा. यू डिडन्ट टॉक."
म्हटलं, "हो गं. आजोबा चुकले. सॉरी."
"इट्स ओके." लगेच. आणि हिरवा खडू मागितला.
बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो थोडा वेळ. दुकानात आयांना दटावायचो, आधी कोणी दिलंय का ते घरात विचारा. विचारलं तर होतं मुग्धाने.

रवि., ९ फेब्रु.
उद्या मुग्धाला ऑफिसात जावंच लागेल. सईला सांभाळायलाच तर मी आलोय इथे.
दुपारी माझ्या खोलीत आली. दारातच उभी. "बाबा, एक विचारू? नोव्हेंबरमध्ये, तुम्ही नवीन आला होतात तेव्हा, ताप होता तिला. तेव्हा पण असं काही...?"
"नाही."
खरंच नव्हतं. एक थेंबही नाही. पण हा 'नाही' मंगळवारच्यासारखाच निघाला. तोच आवाज. तिलाही ऐकू आलं असणार.
मान हलवली तिने. मी विचारलं, "उद्याचं काय?"
"बघते."
खाली गेली. कोणाशी तरी फोनवर बोलतेय. हळू बोलतेय, 'उद्या आठपासून' सोडून शब्द कळत नाहीत.