डब्यावरचा स्पीड

आई, गेल्या आठवड्यात जुहूच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत मी अगदी तुझ्यासारखी बोलले. तू असतीस तर नुसती मान हलवली असतीस, म्हणून तुला लिहायला बसले आहे. तुला माहीत नाही, पण मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आता माझा छोटा गाळा आहे. एडिटिंग करणाऱ्यांना, साउंडवाल्यांना डेस्कटॉप जोडून देते, जुने अपग्रेड करून देते. काम भरपूर आहे आणि मला ते नीट येतं. तू महापालिकेच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचीस, आणि बंद पडलेली मशीनं घाटकोपरच्या आपल्या स्वयंपाकघरात आणून जिवंत करायचीस. माझी खरी शाळा तीच होती.

कॉलेजात असताना वाढदिवसाला तू मला रॅमची नवी स्टिक दिलीस, तो दिवस मला लख्ख आठवतो. ओट्याचा कोपरा कोरडा पुसून मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट आडवं ठेवलं आणि जुन्या स्टिकशेजारी नवी बसवली. नवीवर स्पीड सोळाशे लिहिलेला, आणि मशीन सुरू केलं तर स्क्रीनवर दिसलं एक हजार सहासष्ट. माझं डोकंच फिरलं. "दुकानदाराने फसवलंय तुला. मी जाऊन भांडते." तू भाकरी थापते आहेस, मागे वळूनही बघत नाहीस. "आधी जुनी काढ," म्हणतेस. "मग भांडायला जा." जुनी काढली, तर आकडा तेराशे तेहतीसवर आला. म्हणजे जुनी हळू होती, आणि दोघी एकत्र असल्या की नवीलाही तिच्याच चालीने चालावं लागत होतं. पण सोळाशे तरीही नव्हतेच. तू तव्यावर भाकरी टाकलीस आणि विचारलंस, "मदरबोर्डाबरोबर आलेलं पुस्तक वाचलंस? प्रोसेसर किती झेपवतो ते बघितलंस?" मी म्हटलं, नाही. "मग तुला चिडायचा हक्क नाही. स्टिकवर लिहिलेलं असतं ते स्टिकचं. बोर्ड आणि प्रोसेसरला जेवढं जमतं, मशीन तेवढंच पळतं." तुझा राग आवाजात कधी चढायचा नाही, शब्द तेवढे कमी व्हायचे. मी जरा वेळाने विचारलं, "तुला आधीच माहीत होतं, तर ही घेतलीस कशाला?" तू म्हणालीस, "कधीतरी प्रोसेसर बदलशीलच ना. तेव्हा पूर्ण पळेल." मी तो बदलला तेव्हा तू नव्हतीस. स्क्रीनवर सोळाशे आले, आणि घरात सांगायला कुणी नव्हतं.

तर जुहूची गोष्ट. तिथला रेकॉर्डिस्ट मालवणकडचा, माझ्याहून बराच मोठा. त्याच्याकडे एक वयस्क नटी रोज येत होती. तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि नंतर आवाज असाच राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. नातीला बाळ होणार होतं. त्या बाळासाठी तिला आपल्या लहानपणच्या गोष्टी आपल्या आवाजात ठेवून जायच्या होत्या. आणि नेमकं मशीन मध्येच हँग होत होतं. दोनदा गोष्ट अर्धी तुटली होती. बाई काचेपलीकडच्या खोलीत गरम पाण्याचा पेला धरून बसून होत्या.

मी कॅबिनेट उघडलं. रेकॉर्डिस्टने जुन्या दोन स्टिकना तशाच आणखी दोन जोडल्या होत्या, आणि स्पीड स्टिकच्या डब्यावरचाच लावला होता. मी म्हटलं, "हा खाली आणावा लागेल."

"गो, डब्यार सहा हजार लिवलेला आसा. आधी चलत होता मा?"

"आधी दोन होत्या. चारही जागा भरल्या की प्रोसेसरची मर्यादा खाली येते. कंपनीने तसं लिहूनच ठेवलंय." मी मोबाइलवर त्याला प्रोसेसरचं पान दाखवलं. "सहा हजार हा त्या स्टिकचा वाढवलेला स्पीड आहे. तो आपण चालू करायचा असतो, आणि सगळ्यांना पेलला तरच ठेवायचा."

"मग नवीन दोन काढूया?"

"काढल्या तर तुमची साउंड लायब्ररी मावणार नाही. तुम्हाला जागा हवी आहे, पळापळ नको. चारही ठेवू आणि हळू चालवू."

"चांगला मशीन मुद्दाम हळू करूचा?"

"हो. त्यांची गोष्ट पुन्हा तुटता कामा नये."

त्याने बाईंकडे पाहिलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी वाढवलेला स्पीड बंद केला, प्रोसेसरला चार स्टिकसाठी झेपतो तो ठेवला आणि मेमरी टेस्ट लावली. जेवणाची वेळ टळून गेली. एकही एरर आली नाही. बाईंनी विचारलं, "आता बंद नाही ना पडणार?" मी म्हटलं, "नाही पडणार." 'बहुतेक' हा शब्द मी वापरला नाही, आणि तो वापरायची गरजही नव्हती. मग त्यांनी कोल्ह्याची एक गोष्ट सांगितली, मध्ये स्वतःच हसल्या, थोडा खोकला आला, पुन्हा सुरू झाल्या. मशीन शेवटपर्यंत चाललं. रेकॉर्डिस्टने हेडफोन काढले. "फरक कायच कळूक नाय गो," तो म्हणाला. कळणार नव्हताच. बाईंनी थोडं परत लावायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "हां. ही मीच."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, गाळ्यातल्या ड्रॉवरमध्येच राहील. पण त्या खोलीतून बाहेर पडताना जे कळलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. तुझं प्रत्येक वाक्य मला शब्द न् शब्द पाठ आहे आई, पण तुझा आवाज आठवत नाही गं. ती सगळी वाक्यं आता मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.